आपण म्हणजे नक्की कोण?

मॅनेजरबाईंना कोणी विचारलं, "तुम्ही काय काम करता हो?" तर त्या आधी एक सुस्कारा टाकायच्या आणि मग म्हणायच्या, "एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांना एका टेबलाभोवती बसवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई कोर्टात असतील. अहो, कोर्ट परवडलं! तिथे निदान निकाल तरी लागतो.

बाई होत्या दारं-खिडक्या करणाऱ्या कारखानदारांच्या संघाच्या मॅनेजर. एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने सुतारकामाचे कारखाने. सगळे दारं करणार, सगळे चौकटी करणार, आणि सगळे समोरच्याच्या दाराला नावं ठेवणार. एकत्र या, मोठी कामं मिळतील, असं कोणीतरी डोक्यात भरवलं म्हणून हे एकत्र आले. म्हणजे कागदावर आले. रस्त्याच्या टोकाला संघाची इमारत झाली: खाली लाकूड सुकवायची सामाईक भट्टी, वर ऑफिस. ऑफिसात सभेचं लांब टेबल, आणि त्या टेबलाचा एक पाय आखूड. आता काय म्हणावं ह्याला! रस्ताभर सुतार, आणि टेबलाचा पाय नीट करायला एक जण तयार नाही. का? तर टेबल संघाचं. मग मी का करू? वर्षानुवर्षं त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, आणि दर सभेआधी ती घडी पायाने आत सारायच्या त्या बाई.

त्याआधी बाई मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होत्या. त्या मुली परवडल्या, असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच. मुली रुसल्या तर फार तर जेवणापर्यंत रुसायच्या. इथे दोन कारखान्यांचं भांडण आजोबांच्या वेळचं, आणि ते कशावरून झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं. पण भांडण मात्र चोख सांभाळलेलं.

त्यातला एक संघाचा अध्यक्ष. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं होतं रंधा. कुठलीही सूचना मांडा, हा ती वरून तासायला लागायचा. थोडं इकडून कमी, थोडं तिकडून कमी, आणि शेवटी टेबलावर नुसता भुसा. दुसऱ्याचं नाव पाचर. दोन माणसं जरा जवळ आली की हा मध्ये घुसलाच म्हणून समजा. ही दोघं त्या आजोबांची नातवंडं. आणि तिसरा बघूमामा, म्हातारा, नक्षीची दारं करणारा, गोड माणूस. पण काहीही विचारलं की एकच उत्तर: "बघू." बाईंना आधी वाटायचं, बघू म्हणजे विचार करून सांगतील. पुढे कळलं, बघू म्हणजे नाही.

आणि बोलण्याची तऱ्हा तर अशी की कोणाचंही डोकं फिरावं. "तुमच्या संघाने आमच्यासाठी काय केलं?" "तुमची भट्टी आमच्या लाकडाला नीट चटका देत नाही." तुमचा संघ! बाईंना ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, मी पगारी बाई, सभासद तुम्ही, संघ तुमचा! पण त्या ओरडायच्या नाहीत. चहा सांगायच्या.

त्या वर्षी मात्र एक मोठं काम आलं. नवीन दवाखाना बांधत होते, त्याची सगळीच्या सगळी दारं. एका कारखान्याच्या आवाक्याबाहेरचं काम, म्हणून ते संघाला मिळालं. संघाचं पहिलंवहिलं एकत्र काम. अट एकच: लाकूड ठणठणीत कोरडं पाहिजे. दवाखान्याचा माणूस येणार, ओलावा मोजायचं मीटर लावणार, आणि माल ओला निघाला तर सगळा परत. परत आला तर पुढे काय, हे रंध्याने भर सभेत सांगून टाकलं होतं. "एवढंही जमलं नाही तर संघ हवा कशाला? कुलूप लावू." सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. कुलूप लावायचं म्हटल्यावर एकमत कसं पटकन होतं बघा! बाईंना नोकरी जाईल ही भीती होतीच, ती कोणाला नसते? पण त्याहून जास्त लागत होतं ते वेगळंच. ह्या खडूस रस्त्यात त्यांनी जीव ओतला होता, आणि तो रस्ता कुलूप लावू म्हणताना त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

अशात वरून फर्मान आलं. निरनिराळ्या उद्योगांच्या संघांचे जे मॅनेजर आहेत, त्यांचं कौशल्य वाढवण्यासाठी शिबिर. हजेरी सक्तीची. शिबिर दोन भागांत, मधल्या दिवसांत घरचा अभ्यास. भट्टीत लाकूड, डोक्यावर ऑर्डर, आणि बाईंनी जाऊन कौशल्य वाढवायचं! "माझं कौशल्य आहे तेवढं पुरे आहे, त्या सुतारांचं वाढवा," असं बाई फोनवर म्हणाल्याही. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, नाव लिहून घेतलंय.

शिबिर एका हॉटेलच्या हॉलमध्ये. एसी असा की शाल घेऊन बसावं. शिकवायला आलेल्या बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं, "मला मॅडम नको, ताई म्हणा." बरं बाई, ताई तर ताई. मग ताईंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा दिला. ज्याच्यावर विश्वास वाटतो त्याच्याकडे फेकायचा, दोरा हातात धरून ठेवायचा. चांगली पन्नाशीला टेकलेली माणसं गुंडा फेकत उभी. थोड्या वेळाने हॉलभर गुंता झाला, आणि ताई आनंदाने म्हणाल्या, "हेच तुमचं नेटवर्क!" बाईंच्या शेजारी पंपांचे सुटे भाग करणाऱ्यांच्या संघाचा मॅनेजर होता. तो हळूच म्हणाला, "माझे सभासद गुंडा फेकणार नाहीत. लोकर विकून येतील." बाईंना इतकं हसू आलं की दोरा सुटला.

पण दुपारी ताईंनी एक गोष्ट सांगितली ती बाईंच्या मनाला लागली. ताई म्हणाल्या, "घरचा अभ्यास एवढाच. तुमच्या सभेत फक्त ऐका. सभासद 'आम्ही' आणि 'तुम्ही' म्हणतात, की 'आपण' म्हणतात? 'आम्ही' ही भिंत आहे. 'आपण' हे दार आहे. ज्या दिवशी ते 'आपण' म्हणायला लागतील, त्या दिवशी समजा की संघ झाला." दाराचा विषय निघाल्यावर बाईंचे कान टवकारलेच. खरंच की! इतकी वर्षं आपल्याला टोचतंय ते हेच, असं त्यांना वाटलं. घरी येताना बसमध्ये त्या मनातल्या मनात रंध्याच्या तोंडी 'आपण' घालून बघत होत्या.

पुढची सभा शिबिराच्या दुसऱ्या भागाच्या आदल्याच दिवशी होती, आणि विषयही बिकट. भट्टीवरचा माणूस पाय मुरगळून घरी बसलेला. भट्टीची झडप रोज सकाळी उघडावी लागते आणि दुपारी लावावी लागते. नाही उघडली तर वाफ आतच कोंडते आणि सुकायला ठेवलेल्या लाकडालाच घाम सुटतो. दवाखान्याच्या शेवटच्या दारांचं लाकूड तर आतच होतं. बाईंनी सांगितलं, "मी उद्यापासून शिबिराला चाललेय. झडपेचं काय करायचं ते ठरवा." आणि त्या कान देऊन बसल्या.

आता रंध्याची एक खोड होती. एरवी "काय हो, चहा झाला का" म्हणणारा हा माणूस सभेत उभा राहिला की त्याच्या अंगात भाषण संचारायचं. त्याने घसा साफ केला, टेबलाला हात टेकला, टेबल डुगडुगलं, आणि तो म्हणाला, "तर ह्या आठवड्यात भट्टीकडे आपण लक्ष द्यायचं. मंजूर?"

आपण! बाईंच्या अंगावर काटा आला.

पाचर म्हणाला, "मंजूर. आपणच द्यायचं. दुसरं कोण देणार?" आणि बघूमामासुद्धा बघू म्हणाला नाही! तो म्हणाला, "आपण असताना काळजी कसली?" बाकीचे सगळे मंजूर, मंजूर करत उठले. बाईंनी कधी नव्हे ते सगळ्यांना चहाबरोबर बिस्किटं दिली.

शिबिरात त्यांनी ही हकिगत सांगितली तेव्हा ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आपण' लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पंपवाला मॅनेजर तर बाईंकडे असूयेने बघत होता. बाई हवेत. शिबिर संपलं तेव्हा त्यांना मिळालेलं प्रशस्तिपत्रक त्यांनी चुरगळू नये म्हणून पर्समध्ये न ठेवता हातात धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट भट्टीवर गेल्या. दार उघडलं आणि आतून असा भपकारा आला की त्या मागेच सरकल्या. ओले कपडे पेटीत कोंबून विसरावेत, तसा वास. छतावरून टपटप पाणी गळतंय, आणि फळ्यांवर पांढरी बुरशी, मऊ लव आल्यासारखी. झडप बंद. गेल्या होत्या तेव्हा होती तशीच्या तशी बंद.

त्यांनी फोन करून करून सगळ्यांना खाली बोलावलं. सगळे आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि लाकडाकडे असे बघायला लागले, जणू कोण्या परक्याचं लाकूड.

"झडप कोणी उघडली नाही?" बाईंनी विचारलं.

रंध्याने पाचरकडे पाहिलं, पाचरने बघूमामाकडे.

"अहो, सभेत ठरलं होतं ना? आपण लक्ष द्यायचं म्हणून?"

"ठरलं होतं की," रंधा म्हणाला. "मीच तर म्हणालो. भट्टीकडे आपण लक्ष द्यायचं."

"मग?"

"मग काय? आपण." आणि रंध्याने मोठ्या अदबीने दोन्ही हात बाईंच्या दिशेने केले. "मॅडम, आपण."

बाईंना क्षणभर कळेचना. मग कळलं, आणि कळल्यावर भट्टीच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. "मी? मी शिबिराला जाणार होते, हे तुम्हाला सांगितलं होतं!"

"आम्हाला वाटलं, आपण कोणाला तरी सांगून गेला असाल," पाचर म्हणाला.

"आता हे कुठलं आपण?"

"मॅडम, आपण उगाच चिडताय," बघूमामा म्हणाला.

बाई ताडताड जिना चढून वर गेल्या आणि ऑफिसचं दार लावून बसल्या. त्यांना रडू येत होतं, आणि एवढ्याशा शब्दापायी रडू येतंय ह्याचा आणखी राग येत होता.

घरी सासूबाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. टेलिफोन खात्यात नोकरी केलेली बाई, आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलेलं. सुनेने सगळं सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"हसताय काय आई! माझी नोकरी चाललीय."

"अगं, तुझे सासरे जन्मभर म्हणत आले, आपण भांडी घासून टाकूया. एक वाटी विसळली नाही त्या माणसाने! 'आपण' ऐकलं की मी उठून घासायला लागायचे. कोणी मोठ्या मनाने 'आपण' म्हटलं की समजावं, त्यात तो स्वतः नाही." त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "तुझ्या त्या ताईंना कोणी सांगितलं हे दार आहे म्हणून? फिरतं दार आहे ते. आत गेलेला माणूस पलीकडून बाहेर."

चहा टाकता टाकता बाईंना वसतिगृह आठवलं. तिथे संध्याकाळी हजेरी असायची. 'आम्ही सगळ्या आहोत बाई' असं मुली एका सुरात ओरडल्या तरी बाई ते धरायच्या नाहीत. एकेकीने उभं राहायचं आणि आपल्या तोंडाने हजेरी द्यायची. आणि नेमकी जी पळालेली असायची, ती त्या सुरात सापडायची नाही, हजेरीत सापडायची.

सकाळी सभा. बाईंनी चहा सांगितला नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपासून ह्या टेबलावर 'आपण' हा शब्द बंद. मी बोट दाखवीन त्याने उभं राहायचं. वाक्य 'मी'ने सुरू झालं पाहिजे. नाहीतर आत्ताच कुलूप लावा, किल्ली माझ्या हातात आहे. लावते मी. बघा, मी म्हणाले, मी लावते. किती सोपं आहे!"

त्यांचा तो आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी रंध्याकडे बोट दाखवलं. तो उठला, घसा साफ केला.

"मी असं म्हणेन, की आपण सर्वांनी मिळून..."

"बसा. पुन्हा."

"मी... म्हणजे अध्यक्ष ह्या नात्याने संघाने..."

"बसा!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. रंध्याचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला काय करावं सुचेना, टेबल त्याच्या हाताखाली डुगडुगत होतं. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "मी बुरशी लागलेल्या फळ्या तासून देतो. माझ्या मशीनवर." आणि मटकन बसला. भाषणांचे डोंगर उभे करणारा माणूस, पण एवढ्या एका वाक्याने त्याला दम लागला होता.

बाईंचं बोट बघूमामाकडे वळलं. "बघू," तो सवयीने म्हणाला, आणि बाईंचा चेहरा पाहून घाईघाईने दुरुस्त केलं, "बघतो! मी बघतो. झडप. रोज मी बघतो."

मग पाचर. तो उठला. सगळ्यांना वाटलं, हा आता काहीतरी फट पाडणार. तो म्हणाला, "माझ्याकडे... मी थोडं सुकं लाकूड ठेवलंय मागे." टेबलाभोवती एकदम गलका झाला, कारण ऑर्डर आली तेव्हा लाकडाचा तुकडा शिल्लक नाही म्हणून शपथा घेणाऱ्यांत पाचरच पहिला होता. "मागे कुठे?" रंधा ओरडला. "तू जिथे ठेवलंयस तिथेच!" पाचर ओरडला, आणि मग काय विचारता, एकेकाच्या मागच्या खोल्यांतून, जिन्याखालून, झाकून ठेवलेल्या ताडपत्र्यांखालून सुकं लाकूड निघायला लागलं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. आनंद मानावा की ह्या लबाडांना वसतिगृहासारखं ओळीने उभं करावं, तेच त्यांना कळेना.

दारं झाली. कशी झाली, किती वेळा कोण कोणावर खेकसलं, ते सोडा. दवाखान्याचा माणूस आला तेव्हा सगळी दारं भट्टीसमोरच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून उभी होती आणि मालक लोक समोर घोळका करून. माणूस तिरसट होता. नमस्काराला नमस्कार नाही. मीटरच्या दोन सुया लाकडात टोचायचा, आकडा बघायचा, पुढे. बाई त्याच्या मागे मागे. प्रत्येक दाराला त्यांचा जीव वर-खाली होत होता.

एका दाराशी मीटर वाजलं. त्याने परत टोचलं. परत वाजलं.

"हे दार कुणाचं?"

खरं म्हणजे विचारायची गरजच नव्हती. कडेची ती गोलाई ह्या रस्त्यावर एकच माणूस काढतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दार पाचरचं होतं. पाचरचा चेहरा पांढराफटक. आणि त्याच्या समोर रंधा उभा, आजोबांच्या वेळचं सगळं भांडण गाठीला बांधून. नुसतं बोट दाखवायचं होतं त्याने. बाईंनी डोळे मिटून घेतले. बोट दाखवलं की दुसरा तिसऱ्याकडे दाखवणार, तिसरा चौथ्याकडे, आणि इथेच, ह्या शेडमध्ये, संघ संपणार.

"आमचं," रंधा म्हणाला.

"आमचं म्हणजे? तुमच्या कारखान्यातलं?"

"आमचं म्हणजे आमचं!" रंधा खेकसला. "ह्या रस्त्याचं. हे सगळे उभे आहेत ना, ह्यांचं. ह्या मॅडम धरून. एवढं एक दार आम्ही बदलून देऊ. तुम्ही पुढचं बघा."

त्या माणसाने खांदे उडवले, दारावर खडूने फुली मारली आणि पुढे गेला. पुढे मीटर वाजलं नाही. शेवटचं दार तपासून त्याने मान हलवली आणि म्हणाला, "ते एक दार बदला, बाकी माल पाठवा." पाचर रंध्याकडे बघत होता, आणि रंधा मुद्दाम छताकडे बघत होता. बाईंना कोणाकडेच बघता येईना, कारण डोळे भरून आले होते. इतकी वर्षं ह्या लोकांचं 'आम्ही' ऐकलं की त्यांना दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटायचं. आज पहिल्यांदा दुसराच कोणी बाहेर होता आणि त्या आत होत्या. ह्या मॅडम धरून.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. शिबिरातल्या ताई. सगळ्या मॅनेजरांची विचारपूस चालली होती.

"काय मग, सभासद 'आपण' म्हणतात ना अजून?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. समोर रंधा आणि पाचर त्या फुली मारलेल्या दारावरून कडाकडा भांडायला लागले होते.

"नाही हो ताई. 'आम्ही'च म्हणतात."

"अरेरे!" ताई मनापासून हळहळल्या. "मग अजून बरीच मेहनत घ्यावी लागणार आपल्याला."

"आपल्याला म्हणजे," बाईंनी विचारलं, "नक्की कोणाला, ताई?"